बाबामियाँचा भोंगा

दुकानासमोर हॉर्न वाजला की जयप्रकाशच्या तळपायाची आग मस्तकात जायची. ओमानमधल्या इब्रा गावच्या सनायात, म्हणजे गॅरेजं, टायरवाले आणि भंगारवाले यांच्या त्या धुळकट वस्तीत, तो बरीच वर्षं गाड्यांचं इलेक्ट्रिकचं काम करत होता. इथलं ऊन त्याच्या अंगवळणी पडलं होतं, धूळही पडली होती. एक गोष्ट मात्र काही केल्या पडेना. इथे कोणी गाडीतून उतरत नसे. चहा हवाय, मार हॉर्न. पंक्चर काढायचंय, मार हॉर्न. इंजिन चालू, एसी चालू, साहेब आत गारव्याला आणि दुकानदाराने हातातलं काम टाकून उन्हात काचेपाशी धावायचं. ओमानी गिऱ्हाईक असलं तर जयप्रकाश मुकाट्याने धावे. त्यांचा देश, त्यांची तऱ्हा. पण रायगडातून, म्हसळ्याहून पोटासाठी आलेला माणूसही जेव्हा तेच करायला लागतो, तेव्हा काय करायचं?

हा माणूस म्हणजे बाबामियाँ. पांढरी दाढी, डोक्यावर जाळीची टोपी, आणि बुडाखाली अर्बाबाचा, म्हणजे मालकाचा, पिकअप. गावाबाहेर टेकडीच्या पायथ्याशी नासर नावाच्या अर्बाबाचा शेळ्यांचा गोठा होता. तिथे पाणी आणि दाणा पोचवायचा, शेळ्या राखायच्या, हे बाबामियाँचं काम. त्यात त्याचं अर्धं आयुष्य गेलं होतं. गेल्या उन्हाळ्यापासून त्याला काय खूळ लागलं होतं कोण जाणे. दर आठवड्याला पिकअप जयप्रकाशच्या दारात हजर, आणि दर वेळी नवीन बटण.

आधी मागच्या हौद्यावर दिवा लावून झाला. मग दोन्ही बाजूंना दिवे लागले. मग हौद्यातल्या पाण्याच्या टाकीला पंप बसला. बटण दाबलं की नळीतून पाणी थेट शेळ्यांच्या हौदात. जयप्रकाशने डॅशबोर्डखाली पत्र्याची पट्टी ठोकून त्यात बटणं बसवली होती. बॅटरीवरून वेगळी जाड वायर आणून, प्रत्येकाला वेगळा फ्यूज, वेगळा रिले. काम कसं, आरशासारखं लख्ख! पण काम झालं की आठ दिवसांत पुन्हा दारात हॉर्न.

"बाबामियाँ, तुमका कितीदा सांगलंय, उतरान आत येवा!" जयप्रकाश आतूनच ओरडे. तो कणकवलीकडचा. रागावला की मालवणी सुटे आणि पलीकडच्या टायरवाल्यापर्यंत ऐकू जाई. "ह्यो काय तुमच्या सासऱ्याचो बंगलो आसा, हॉर्न मारूक?"

"तूच ये रे बाला," बाबामियाँ काच खाली करून म्हणे. "तुझे पाय जवान हायत."

मग जयप्रकाश पाय आपटत बाहेर जाई. त्याच्या मते म्हातारा अर्बाबाच्या गाडीत बसून बसून स्वतःलाच अर्बाब समजायला लागला होता.

त्या आठवड्यात मात्र कहर झाला. सोमवारी बाबामियाँ आला तो दाण्याच्या पेटीला मोटर लावून मागायला. बटण दाबलं की पेटीचं झाकण सरकायला हवं आणि दाणा खाली पडायला हवा.

"मागे जावन झाकण उघडूक तुमचे हात झडले काय?" जयप्रकाशने विचारलं. "ह्यां सगळां कशाक होयां तुमका? पिकअप आसा की विमान?"

बाबामियाँ हसला नाही. स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून तो हळू आवाजात म्हणाला, "शुक्रवारी अर्बाब येनार हाय गोठ्यावर. त्याला कुनी तरी सांगितला, बाबामियाँ म्हातारा झाला. तो स्वतः बघनार, माझ्याच्यान काम होताय का नाय. नाय झाला तर एक्झिट, व्हिसा रद्द करून कायमचा घरी. तस्नीमचा नर्सिंगचा शेवटचा वरीस हाय. ती पास झाली का मी आपनहून जानार. कुनाला घालवायला लागनार नाय. तवर मला इथं राहायचा हाय."

तस्नीम ही त्याची धाकटी लेक. तिचा फोटो जयप्रकाशने पाहिला होता, काचेपाशी उन्हात उभं राहूनच. पोरीचं नाव निघाल्यावर त्याने पेटीचं माप घेतलं. तो भंगारवाल्याकडे गेला, एका मोडक्या टोयोटाची वायपरची मोटर काढून आणली, आणि दिवसभर खपून पेटीला बसवली. बटण दाबलं की झाकण मागे, सोडलं की पुढे. आता अर्बाबाला दाखवायला एवढं पुष्कळ झालं, असं त्याला मनापासून वाटलं.

गुरुवारी दुपारी पुन्हा हॉर्न वाजला.

"आता भोंगा लाव," बाबामियाँ म्हणाला. "ट्रकवाला. टेकडीच्या पल्याड आवाज गेला पायजे."

जयप्रकाशच्या डोक्यात जी तिडीक गेली ती काही विचारू नका. ज्या हॉर्नने त्याचं जगणं नकोसं केलं होतं, तोच दहापट मोठा करून त्यानेच आपल्या हातांनी बसवायचा! उद्या हा म्हातारा दारात येऊन ट्रकचा भोंगा वाजवणार आणि याने उन्हात धावत जायचं. तो इतका ओरडला की टायरवाला कामं सोडून बघायला आला. बाबामियाँने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "झाला तुझा? आता लाव."

जयप्रकाशने लावला. गाडीचा जुना हॉर्न काढून टाकला, भोंगा बॉनेटच्या आत घट्ट बसवला, स्टिअरिंगचं बटण भोंग्याच्या रिलेला जोडलं. आणि तिथे, गाडीखाली उताणा पडलेला असताना, घामाचे थेंब डोळ्यांत जात असताना, त्याला ती कल्पना सुचली. रिलेला करंट द्यायची बारीक वायर त्याने सरळ न घेता पंपाच्या बटणातून घेतली. म्हणजे पंप चालू असेल तरच भोंगा वाजणार. पंप बंद, भोंगा मुका. आता दुकानासमोर उभं राहून पंप चालू करायला कोण जातोय? बस म्हणावं दाबत. शेवटी झक मारत उतरावंच लागेल आणि माणसासारखं आत यावं लागेल. विनाहॉर्नची गाडी रस्त्यावर सोडणं बरं नव्हे, हे त्यालाही कळत होतं. पण हा बाबा दोन दिवसांत नवीन बटण मागायला येणारच, तेव्हा वायर सरळ करून देऊ, अशी त्याने स्वतःची समजूत घातली.

तपासून दाखवताना त्याने आधी पंप चालू केला, मग भोंगा वाजवला. समोरच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली. बाबामियाँचा चेहरा असा खुलला की जयप्रकाशला क्षणभर वाईट वाटलं. क्षणभरच.

मग तो दारात उभा राहून बघू लागला. समोर हुसैनमियाँची चहाची टपरी होती, आणि बाबामियाँ जाताना तिथे थांबल्याशिवाय राहत नसे. आता दाबेल, आता दाबेल! पण हुसैनमियाँ पिकअप थांबायच्या आतच कप घेऊन बाहेर आला. गाववाल्याचा केवढा तो लाड! मजा हुकली म्हणून जयप्रकाश चरफडत आत गेला.

शुक्रवारी दुकान बंद. सकाळी तो पराठा खायला हुसैनमियाँकडे जाऊन बसला आणि हसत हसत भोंग्याची गंमत सांगितली. हुसैनमियाँ हसला नाही. त्याने तव्याखालचा गॅस बंद केला.

"जयप्रकाश, अरे शेळ्या हॉर्नवर येतात त्याच्या."

"म्हणजे?"

"पहाटे टेकडीवर चरायला सोडलेल्या असतात. हॉर्न मारला का खाली येतात, पानी पितात, दाना खातात. जुना हॉर्न वरपर्यंत जात नाय म्हनून भोंगा मागितला त्यानं. नाय आल्या तर वर चढून हाकून आनाय लागतात. आनि ह्यो मानूस चढनार कसा? त्याचा गुडघा गेलाय. गाडीतून उतरला का परत चढवत नाय त्याला. रात्री मी आनि माझा भाऊ जाऊन उतरवतो, पहाटे परत चढवतो."

जयप्रकाशच्या हातातला पराठ्याचा तुकडा हातातच राहिला. मागचा दिवा, पंप, पेटीची मोटर, सगळी बटणं त्याच्या डोळ्यांसमोर एका रांगेत उभी राहिली. उतरून करायचं एकेक काम म्हाताऱ्याने बसल्या जागी आणून ठेवलं होतं, आणि प्रत्येक वेळी आपण त्याला उतर उतर म्हणून ओरडत होतो.

"मग माका सांगूक काय झालां होतां?" तो खेकसला. त्याला रडू येत होतं म्हणून जास्तच मोठ्याने खेकसला.

"तुला सांगायचा म्हंजे सनायाला सांगायचा. तुझा आवाज ऐक जरा."

बाबामियाँचा फोन लागेना. टेकडीपाशी कधीच रेंज नसते. जयप्रकाश आपल्या जुन्या मोटारीत बसला आणि सुटला. तिचा एसी दोन उन्हाळे बंद होता. जगाच्या गाड्यांचे एसी दुरुस्त करणाऱ्याला आपल्या गाडीला हात लावायला सवड मिळाली नव्हती. वाटभर तो शिव्या घालत होता. आधी बाबामियाँला, मग त्याच्या मुक्या अभिमानाला, मग शेळ्यांना, आणि डांबर संपून खडीचा रस्ता लागला तेव्हा स्वतःला. त्या शेवटच्या शिव्या सगळ्यांत वाईट होत्या.

पोचला तेव्हा पाण्याच्या हौदाशेजारी पिकअप उभा होता आणि त्याला खेटून अर्बाबाची पांढरी लँडक्रूझर. दोन्हींच्या काचा खाली. शेळ्या वर टेकडीवर आरामात चरत होत्या, कोणाचंही काही देणं लागत नसल्यासारख्या. बाबामियाँ स्टिअरिंगवर तळहात मारत होता आणि भोंगा मुका होता. अर्बाब नुसता बघत होता.

मग बाबामियाँने दार उघडलं. एक पाय बाहेर काढला आणि जमिनीला टेकवला. दाराची चौकट दोन्ही हातांनी धरून तो उठायला गेला आणि त्याचा पाय थरथरायला लागला. इतक्या दिवसांत जयप्रकाश त्याला गाडीबाहेर पहिल्यांदा बघत होता. ते त्याला बघवलं नाही.

"पंप!" तो मोटारीतूनच जिवाच्या आकांताने ओरडला. "बाबामियाँ, उतरू नकात! आधी पंपाचां बटण दाबा, मगे हॉर्न!"

बाबामियाँने वळून पाहिलं. काहीही न विचारता त्याने हातांनी पाय उचलून आत घेतला, पंपाचं बटण दाबलं आणि तळहात स्टिअरिंगवर ठेवला. भोंगा असा गर्जला की टेकडीने तो परत पाठवला. वरच्या शेळ्यांनी माना उचलल्या, आणि मग सगळा कळप धूळ उडवत खाली सुटला. हौदात पाणी पडत होतं. पेटीचं झाकण सरकलं, दाणा खाली आला. बाबामियाँ जागचा हलला नाही. त्याची सगळी बटणं एकापाठोपाठ एक इमानाने चालली.

जयप्रकाश मोटारीतून उतरून घाम पुसत उभा होता, तेवढ्यात अर्बाबाने त्याला हॉर्न मारला. चार पावलांवर तर उभा होता तो! पण गेला. चूपचाप काचेपाशी गेला.

"ये सब बटन तुम किया?" अर्बाबाने विचारलं.

"हां, अर्बाब."

"पहले क्यों नहीं बजा?"

"मेरा गलती. वायर गलत लगाया."

अर्बाबाने पलीकडे पाहिलं. पिकअपचं दार अजून उघडंच होतं. "इसका घुटना खराब है," तो म्हणाला. "सब लोग बोलता, बाबामियाँ गाडी से नहीं उतरता."

बाबामियाँचा चेहरा राखेसारखा झाला. तरी त्याने सरळ बघत विचारलं, "फिर एक्झिट, अर्बाब?"

नासर अर्बाब सीटवर मागे सरकला. मग त्याने आपला पांढरा डगला वर ओढला. दोन्ही गुडघ्यांना जाड पट्टे आवळलेले होते, आणि मागच्या सीटवर काठी होती. जयप्रकाशच्या तेव्हा लक्षात आलं, की आपण आल्यापासून हाही माणूस गाडीतून उतरलेला नाही.

"मेरा दोनों खराब," अर्बाब म्हणाला. "मैं भी नहीं उतरता. बटन चलेगा तो बाबामियाँ चलेगा. बटन बंद, तो खलास." आणि जयप्रकाशच्या छातीवर बोट टेकवून म्हणाला, "अब तुम देखो."

म्हणजे आता तस्नीमचं शेवटचं वर्ष त्या पत्र्याच्या पट्टीवर लटकलं होतं, आणि ती पट्टी जयप्रकाशच्या गळ्यात पडली होती. त्याने डिकीतून पक्कड आणली, त्या शेळ्यांच्या गर्दीत पिकअपखाली उताणा पडला आणि भोंग्याची वायर सरळ केली.

"लावलीस तरी कशाला रे अशी?" वरून बाबामियाँने विचारलं.

"गप बसा," गाडीखालून उत्तर आलं. "तुमी माका गुडघो सांगलात काय? मग मी पण सांगणार नाय."

रविवारी दुकानात एका बसचा डायनॅमो उघडून तो बसला होता. हात ग्रीसने भरलेले, बसवाला डोक्यावर उभा, आणि बाहेर भोंगा वाजला. शेजारचा टायरवाला दचकून शिव्या देऊ लागला. जयप्रकाशनेही दिल्या, चांगल्या सणसणीत, कणकवलीच्या. पण देता देता तो उठला होता, आणि दुसऱ्यांदा भोंगा वाजायच्या आत उन्हात पोचला होता.

"उतरू नकात," तो लांबूनच ओरडला. "उतरू नकात, मी येतंय!"