लाल पॉइंटची वीज

आमच्या दुकानात दोन प्रकारची वीज आहे. पांढऱ्या पॉइंटमधली येते आणि जाते. लाल पॉइंटमधली जात नाही, कारण तिच्या मागे यूपीएस नावाचा डबा आहे. हा डबा दादाने, म्हणजे माझ्या थोरल्या भावाने, बिलिंगच्या कॉम्प्युटरसाठी घेतला. विकणारा म्हणाला, बाहेरची वीज खालीवर होते, कॉम्प्युटरला ते सोसत नाही. डबा तिला गाळून, सरळ करून सोडतो. "सरळ करता येतं हे बरं आहे," दादा माझ्याकडे बघत म्हणाला.

दुकान तयार शर्टांचं. पुढे काउंटर, मागे एक खोली. मागे वहिनी बाह्या आखूड करतात, इस्त्री करतात. पुढे मी बसतो. घरात पदवी घेतलेला मी एकटाच, म्हणून कॉम्प्युटर माझ्याकडे आला. त्याची दुखणीही त्याच न्यायाने माझीच.

डबा येण्यापूर्वी वीज गेली की कॉम्प्युटर बंद पडायचा. यात न समजण्यासारखं काही नव्हतं. डबा आल्यावर तो वीज असताना बंद पडू लागला. गिऱ्हाईकाने कार्ड पुढे करावं, डब्याने लांब शिटी मारावी आणि स्क्रीन, प्रिंटर, कार्डाचं यंत्र सगळ्यांनी एकदम मान टाकावी. वर पंखा फिरतोय, दिवे जळताहेत. जी जाऊ नये म्हणून पैसे मोजले, तेवढीच वीज गेलेली.

जाणकार बोलावले. कोणी दारात दिसलं की वहिनी हातातलं काम टाकत, इस्त्रीची पिन काढत, टेबल मिटून भिंतीला लावत आणि खुर्ची पुढे करत. दुकान असलं तरी आल्यागेल्याचं त्या नीट बघतात.

कॉम्प्युटरवाल्याने पाणी पिऊन मशीन तपासलं. "याला धाड भरलेली नाही. वीज खराब येतेय."

डबेवाल्याने पाणी पिऊन वीज मोजली. "वीज एकदम तलम आहे. अर्थिंग बघून घ्या."

वायरमनने अर्थिंग बघितलं, टेस्टर खिशात ठेवला आणि विचारलं, "यावर बसतं कोण?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मीही पाहिलं असतं, पण सोय नव्हती.

"आता एकदा जरी बंद पडलं," दादा म्हणाला, "तर काउंटरवर मेहुणे बसतील. तू मागे जा, बटणं लाव."

मेहुणे म्हणजे वहिनींचे भाऊ. दुकान दादाचं, माल दादाचा, पाटीवर नाव दादाचं. माझी म्हणावी अशी तिथे ती एक खुर्ची होती. मी कळ दाबताना श्वास धरू लागलो. चपला काढून बसू लागलो. दुसऱ्याच दिवशी एक अख्खं कुटुंब खरेदीला आलेलं असताना शिटी झाली.

मेहुणे आले. भाऊ आला म्हणून वहिनींनी त्या दिवशी इस्त्रीला हात लावला नाही. स्टूल घेऊन काउंटरशी गप्पा मारत बसल्या. मेहुण्यांना बिल करायला वेळ लागत होता, पण मशीन संध्याकाळपर्यंत हूं की चूं न करता चाललं.

"बघ," दादा म्हणाला.

दिवसभर बाहेर पायरीवर उभा राहून मी बघतच होतो. घरी जाऊन दिव्याखाली उभा राहिलो. दिवा चालू राहिला. त्यावरून काय समजायचं ते कळेना.

दुसऱ्या दिवशी मी मागच्या खोलीत. वहिनींनी शर्टांचा ढीग पुढे सरकवला.

"भावोजी, पिन त्या लाल पॉइंटला लावा हं."

"लाल पॉइंट इकडे कुठून आला?"

"डबा बसवला तेव्हाच वायरमनकडून वाढवून घेतला. पांढऱ्याला लावलं की मधेच वीज जाते, वाफेची इस्त्री गार होते आणि तिचं पाणी शर्टावर गळतं. एवढा डबा आणलाय तो काय एकट्या कॉम्प्युटरला?"

मी पिन लावली. इस्त्रीचा दिवा लागला. पुढे शिटी झाली.

"अहो, गेलं की हे," मेहुणे ओरडले.

पिन काढली. मेहुण्यांनी मशीन चालू केलं. पिन लावली. शिटी. असं आणखी एकदा झाल्यावर मी दादाला हाक मारली. म्हटलं, डबा कॉम्प्युटरपुरता आहे. इस्त्री तापायला लागली की तिचा भार त्याला झेपत नाही, तो सगळंच बंद करतो.

"मग ते तिघं तपासायला आले तेव्हा का नाही बंद पडलं?"

"तेव्हा वहिनींनी इस्त्री बंद केली होती. माणसं आली म्हणून."

"मग काय," वहिनी म्हणाल्या, "लोक दारात आणि मी इस्त्री फिरवत बसू?"

दादाने बराच विचार केला. "म्हणजे तू पुढे असलास तरी बंद, मागे असलास तरी बंद."

"दादा, इस्त्री."

"काल बंद पडलं नाही."

"काल इस्त्री नव्हती."

"काल तूही आत नव्हतास."

मी इस्त्रीची पिन काढून दादाच्या हातात दिली. मेहुणे मात्र केव्हाच उठले होते. "मला आपलं जाऊ द्या," ते म्हणाले. "त्या मशीनसमोर बसून माझं डोकं धरलंय."

"भावोजींना पुढेच बसू दे," वहिनी दादाला म्हणाल्या. "ते मागे असले की माझी इस्त्रीही होत नाही आणि तुमचं बिलही."

हे दादाला पटलं. काय पटलं ते मी विचारलं नाही, खुर्चीत जाऊन बसलो.

इस्त्री पांढऱ्या पॉइंटला लावायला वहिनी अजून तयार नाहीत. शर्ट खराब झाले तर भरून कोण देणार, म्हणतात. त्यामुळे आता त्या पिन लावण्याआधी आतून विचारतात, "लावू का?" समोर कोणी असेल तर मी मोठ्याने म्हणतो, "थांबा."

वहिनी थांबतात. बहुतेक वेळा गिऱ्हाईकही थांबतं. पुढे केलेलं कार्ड मागे घेतं, दाराकडे बघतं, आणि त्याचं काय चुकलं हे मला विचारतं.