साधी डिश

अनुश्रीनं डिश सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली, डोळा लावला आणि लगेच खुर्ची मागं ढकलून उभी राहिली. साध्या डिशमधली रेघ याही वेळी भरून आली होती.

सलग तिसऱ्यांदा! डिशमध्ये वाढवलेल्या त्वचेच्या पेशींवर ती बारीक टोकानं रेघ ओढायची; हीच जखम. एका डिशमध्ये तांब्याचं पेप्टाइड घालायचं, दुसरी साधी ठेवायची आणि कुठली जखम आधी भरते ते पाहायचं. दोन्ही सारख्याच भरत असतील, तर पेप्टाइडनं केलं काय? आणि चार वर्षं तिनं तरी केलं काय?

तिचे मार्गदर्शक अच्युत सर फोटो बघून चष्मा पुसत म्हणाले,

"मागच्या वर्षीच्या साध्या डिशचा फोटो लाव, त्यात रेघ उघडी आहे. उद्या पेपर पाठवायचा आहे."

"पण सर, तो या प्रयोगाचा नाही."

"रेघ रेघेसारखीच दिसते. काहून जिवाला लावून घेऊन राहिली?"

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण सरांपुढं तोंड उघडेना, म्हणून ती तणतणत भांडी धुवायच्या खोलीत शिरली. तिथं ओट्यावर तांब्याची घागर होती, चिंचेनं घासून लखलखीत केलेली. प्रयोगशाळेचा कंत्राटी मदतनीस हिरालाल घागरीतलं पाणी अनुश्रीच्या प्रयोगाच्या बाटलीत ओतत होता.

"यह कौन सा पानी है?"

"फिल्टर मशीनवाला, दीदी. प्लास्टिक के डब्बा फूट गे, त घर ले घागर लाए हंव. तांबा मा पानी शुद्ध रहिथे."

"कब से?"

"होली के बाद ले."

तिन्ही प्रयोग होळीनंतरचेच. तांब्यात रात्र काढलेलं पाणी दोन्ही डिशमध्ये गेलं होतं. साधी डिश साधी नव्हतीच.

"किससे पूछके रखा?" ती इतक्या जोरात ओरडली की कपाटाच्या काचा वाजल्या. "मेरे तीन महीने बरबाद कर दिए! अक्कल है कि नहीं?"

हिरालालनं घागर पोटाशी धरली.

"आप ल पूछे रहेंव, दीदी."

तिला आठवलं. होळीनंतर एका संध्याकाळी ती खांद्याला पिशवी लावून दारात उभी होती. साडेपाचची बस चुकली की नवा रायपुरात तासभर मोकळ्या रस्त्याकडं बघत बसावं लागतं. हा मागून डब्याचं काहीतरी विचारत होता, आणि ती न वळताच म्हणाली होती, "हव, हव, जो साफ हो उसमें भर लो."

पाणी संशोधकानं स्वतः भरायचं आणि प्रयोगाच्या वहीत सही करायची, असा नियम होता. सही तिनं रोज केली होती. पाणी एकदाही भरलं नव्हतं. तिला स्वतःची भयंकर चीड आली.

आरडाओरडा ऐकून सर आले. घागर बघून त्यांचा चेहरा उजळला.

"सापडलं ना कारण? याले सांग, उद्यापासून येऊ नको. अन् तू तो फोटो लावून दे."

हिरालालनं घागरीवरचा ओला हात शर्टाला पुसला.

अनुश्रीनं वही ओढली आणि उभ्या उभ्या लिहिलं : 'होळीपासूनचे तिन्ही प्रयोग रद्द. पाणी तांब्याच्या घागरीत साठवलं होतं. भरण्याची जबाबदारी माझी. मी तपासलं नाही.' खाली सही केली आणि वही सरांपुढं धरली.

"सर, इथं तुमची सही लागेल."

"वेडी आहेस का? फाड ते पान."

"पानांवर नंबर आहेत, सर."

तिनं उघडी वही ओट्यावर ठेवली, त्यावर पेन ठेवलं. टोपण लावलं नाही.

मग हिरालालच्या हातातली घागर घेऊन तिनं पाणी मोरीत ओतलं, घागर त्याला परत दिली. "यह घर ले जाओ, भैया. और कल टाइम पे आना."

बाहेर साडेपाचची बस निघून गेली. तिनं काचेची बाटली मशीनच्या तोटीखाली लावली आणि स्टूल ओढून समोर बसली. सर अजून वहीपाशी उभे होते. तिनं मान वळवली नाही.