वाचलेले दोन दिवस

बायान लेपासच्या त्या कचेरीत चिप बनत नसे. अजून न बनलेल्या चिपचं सोंग संगणकाकडून वठवून घेत. सोंग हुबेहूब, म्हणून संथ. कॅमेऱ्यातल्या एका कच्च्या फोटोचं चित्र करायला खऱ्या चिपला दहा सेकंद लागावेत, तर सोंगाला एकवीस दिवस लागत. रोहानीताईंनी दोन वर्षं झटून ते एकोणीसवर आणले.

"ताई, दोन दिवस वाचवायला दोन वर्षं?" त्यांच्या हाताखालच्या तरुण बून तेकने भर कचेरीत विचारलं होतं. सगळे हसले होते. ताईसुद्धा.

आणि मग त्याने स्वतः रचलेल्या नव्या सोंगावर तेच काम एका दुपारभरात उरकून दाखवलं. सेल्वनाथनसाहेबांनी ताईंचं काम सोमवारपासून बंद करायचं ठरवलं, आणि शुक्रवारी बून तेकच्या मानार्थ सगळ्यांसाठी नासी कांदार मागवलं.

भातावर रस्सा ओतता ओतता ताईंनी विचारलं, "चित्र कसं आलंय रे?"

"कुठलं चित्र?"

"चिपनं केलेलं. एकोणीस दिवसांच्या आत मी कधी पाहिलं नाही, म्हणून विचारते."

वेळ बून तेकने चारदा मोजली होती. चित्र एकदाही उघडलं नव्हतं. हात धुवायच्या निमित्ताने तो आपल्या संगणकापाशी गेला. चित्र नव्हतंच. एक ओळ होती: फोटो सापडला नाही. फोटोचा पत्ता त्यानेच चुकीचा लिहिला होता. बिचारी चिप दुपारभर नुसती जागी होत होती, आणि काम दिसेना म्हणून पुन्हा झोपत होती.

गप्प बसता आलं असतं. सोमवारनंतर तपासायला कोण उरणार होतं? पण तो परत आला आणि उभ्याउभ्याच सगळं सांगून मोकळा झाला. कान मात्र तापलेले. कुणी हसलं असतं तर बरं झालं असतं.

साहेबांनी हातातली तंगडी पानात ठेवली. "मग आपण हे कशाबद्दल खातोय?"

"भूक लागली म्हणून," ताई म्हणाल्या. "बून तेक, फोटो नीट जोड आणि माझ्या सोंगावर लाव."

सोमवारचा निर्णय बारगळला. त्या दिवसापासून बून तेक ताईंच्या समोर बसून पडद्यावरचा आकडा सरकताना पाहत राहिला. ताई टोमणा मारत नव्हत्या. उलट रोज सकाळी त्याच्या टेबलावर नारळाचा गोड मुरांबा लावलेला एक काया-पाव ठेवत. तो गिळताना त्याची मान वर होत नसे.

एकोणिसाव्या दिवशी चित्र आलं: एक मांजर, जरा पुसट. बून तेकने मनातल्या मनात ताईंना हात जोडले. विसावा आणि एकविसावा दिवस काही त्याच्याने निभला नसता.