अकरा पिवळ्या

कपाटात चौदा बाटल्या होत्या, सगळ्या अर्ध्या लिटरच्या. ग्लुकोजच्या अकरा, रिंगर लॅक्टेटच्या दोन, मिठाच्या सलाईनची एक.

एल नांसेच्या दवाखान्याला हा साठा गावानंच घेऊन दिला होता. डुकराची सोडत काढून पैसे जमवले आणि समितीचे अध्यक्ष आबेलिनो सुनिगा यांनी लोकांना हवं तेच आणलं. लोकांना पिवळं हवं असतं. ग्लुकोजमध्ये बी व्हिटॅमिन टाकलं की बाटली पिवळीधमक होते. अशक्तपणा, परीक्षा, बाळंतपण, सगळ्यावर तीच.

दुपारी आबेलिनोदादा स्वतःच्या मुलीला खांद्यावर टाकून घेऊन आले. नोएलिया, अकरा वर्षांची, वजन तीस किलो. डेंग्यू.

“ताप उतरला, डॉक्टरबाई! काल शेजारणीनं घरीच पिवळी चढवली ना. जरा गळून गेलीय एवढंच. अजून एक लावा, संध्याकाळी बालेआदा खायला मागेल बघा.”

ताप खरंच नव्हता. तळवे गार आणि ओलसर होते. डेंग्यूत ताप उतरतो तेव्हाच रक्तवाहिन्या पाझरू लागतात. रक्तदाब अठ्ठ्याऐंशीवर बहात्तर. वरच्या-खालच्या आकड्यांत फरक सोळा. मुलांमध्ये तो वीसवर किंवा त्याखाली आला की शॉक समजायचा.

मी ला सेइबाच्या मोठ्या इस्पितळातून रुग्णवाहिका मागवली. डेल्मी नर्सनं रिंगर टांगलं.

“हे काय, नुसतं पाणी?” आबेलिनोदादा म्हणाले. “अध्यक्षाच्या पोरीला पाणी? ताकदीचं लावा की.”

“दादा, ग्लुकोजमधली साखर शरीर खाऊन टाकतं. उरतं ते खरं पाणी, ते रक्तात टिकत नाही. ह्यात क्षार आहेत, हे जास्त टिकतं.”

“शिकलेल्यांची काटकसर! बाटल्या काय तुमच्या घरच्या आहेत?”

“सोडतीचं डुक्कर तुम्हालाच लागलं, तेव्हा नाही आवाज चढला,” डेल्मी म्हणाली. “हात धरा तिचा, सुई निघेल.”

त्यांनी हात धरला.

सहाशे मिलिलिटर भरभर सोडलं. फरक चोवीसवर गेला. नोएलियानं डोळे उघडून पाणी मागितलं. आबेलिनोदादांनी छातीवर क्रूस काढला आणि डेल्मीला म्हणाले, “डुकराचा एक पाय तुझा, जा.”

तासाभरात तिचं पोट टणक लागू लागलं, ओठ पांढरे पडले. फरक अठरा. उरलेलं रिंगर संपवलं, मग मिठाचं लावलं. फरक पुन्हा थोडा वाढला आणि पुन्हा घसरला. मिठाच्या बाटलीतही आता शेवटचे थेंब होते.

फोन वाजला. नदीला पाणी चढलं होतं. रुग्णवाहिका पलीकडच्या काठावर उभी होती.

“अजून एवढ्या आहेत की!” आबेलिनोदादांनी कपाट उघडलं. “लावा ना.”

“दादा, त्या सगळ्या ग्लुकोजच्या आहेत.”

ते एकेक बाटली फिरवून नाव वाचत गेले. शेवटची हातातच राहिली.

“रंगावरच गेलो, बाई,” ते म्हणाले. “सगळ्या मीच निवडल्या.”

डेल्मीनं खाटेचा पायथा उचलून खाली दोन विटा सरकवल्या. मी नोएलियाच्या दंडाला पुन्हा रक्तदाबाचा पट्टा गुंडाळला.

चौऱ्याऐंशीवर सत्तर. फरक चौदा.