पूजेतला पासपोर्ट

खंडेनवमीच्या दिवशी नवसाबाईच्या मखमलाबादच्या मळ्यात झेंडूचे ढीग पडले होते. ओट्यावर पोरं माळा ओवत होती आणि शेजारी तिच्या मुलाची, कुंदनची बॅग भरून ठेवलेली होती. डिझेल मेकॅनिक झालेल्या कुंदनला मुंबईकडच्या एका खासगी बोटीवर इंजिन सांभाळायचं काम मिळालं होतं.

त्याचा मामा सावळीराम तटरक्षक दलातून निवृत्त झालेला. त्याला हे काम पहिल्यापासून खटकत होतं.

"मामा, नोकरी सुटली पण तुमची गस्त काय सुटत नाय," कुंदन चिडवायचा.

दुपारी एजंट दिनेश जीप घेऊन आला. मागच्या सीटवर पेठ तालुक्याकडचा मंगळू बसला होता. त्याला बोटीवर स्वयंपाकी म्हणून न्यायचं होतं. दोघांचेही पासपोर्ट महिनाभर दिनेशच्याच बॅगेत होते.

दिनेशने बोटीचा फोटो दाखवला. सावळीरामने तो उन्हात धरला. बोटीच्या मागच्या अंगाला जिथे नाव असतं, तिथे ताजा पांढरा रंग होता.

"नाव काय हो हिचं?" नवसाबाईने विचारलं. "माळेला चिठ्ठी लावते. आमच्याकडं प्रत्येक गाडीची माळ तिच्या नावाने बनते."

"नाव बदलायचं चाललंय, मावशी."

"आणि झेंडा कुठल्या देशाचा?" सावळीराम म्हणाला.

दिनेश हसला. "दोन-तीन ठेवलेत, काका. जसा समुद्र, तसा झेंडा. एकदा लांब गेलो की आपल्याला कोण विचारतंय?"

सावळीराम घमेलं घेऊन आला. त्याने त्यात पाणी ओतलं, झेंडूची फुलं सोडली आणि पोरांना जवळ बोलावलं.

"ह्या बोटी. हा मधला समुद्र कुठल्याच देशाचा नाही. ह्या फुलाला झेंड्याची काडी खोचली. आता ही बोट म्हणजे त्या देशाच्या अंगणाचा तुकडा. दुसऱ्या देशाच्या तटरक्षकांना तिच्यावर उगाच चढता येत नाही. चाचेगिरीसारखं काही असलं तर गोष्ट वेगळी. नाहीतर आधी त्या देशाला विचारायचं."

"आणि हिला काडीच नाय!" कुंदनची धाकटी बहीण सृष्टी म्हणाली.

"तिला कुणीही थांबवू शकतं. वर चढून तपासू शकतं."

"मग तिला दोन काड्या लावू."

"सोयीप्रमाणे झेंडे बदलणारी बोट बिनझेंड्याचीच धरतात, बाळ. तिच्या मदतीला कुठलाच देश येत नाही. मालक असतो कुठल्या तरी हॉटेलात. सापडतो तो इंजिनपाशी बसलेला माणूस."

कुंदनच्या कानांपर्यंत ते पोचलं. तरी तो म्हणाला, "मामा, तुम्हाला सगळेच चोर दिसतात."

"चला, उशीर होतोय," दिनेश उठला.

नवसाबाईने पाट मांडला होता. त्यावर विळे, कात्री, फवारणीचा पंप आणि कुंदनचे नट-बोल्टचे पाने होते. "पासपोर्ट द्या. आता तेच माझ्या पोराचं हत्यार. हळदकुंकू वाहते."

नाही म्हणता येईना. दिनेशने बॅगेतून पासपोर्ट काढून दिला. नवसाबाईने तो पाटावर ठेवला, हळदकुंकू आणि फूल वाहिलं, हात जोडले. दिनेश लगेच उचलायला वाकला.

"अहो, हात नका लावू! पूजेतलं उद्या उठतं."

"मावशी, बोट थांबायची नाय!"

"उद्या मी स्वतः त्याला मुंबईला आणून सोडतो," सावळीराम शांतपणे म्हणाला. "कुठल्या बंदरात यायचं तेवढं सांगा."

दिनेश जरा अडखळला. "बंदरात नसते ती. बाहेर असते. रात्री होडीने न्यावं लागतं."

 घमेल्यातलं बिनकाडीचं फूल कडेला लागलं होतं. कुंदनने त्याच्याकडे पाहिलं.

"बंदरात गेलोच नाय, तर मी देश सोडला हे माझ्या पासपोर्टवर कोण लिहिणार?" त्याने विचारलं.

"लय शिकलास रे! रांग लागलीय लोकांची, तू नाय तर दुसरा." दिनेशने पुन्हा पाटाकडे हात नेला. कुंदन मध्ये उभा राहिला.

"आईने सांगितलं ना? उद्या."

दिनेश तावातावाने जीपकडे निघाला. कुंदन त्याच्या आधी तिथे पोचला आणि खिडकीत वाकून मंगळूशी बोलू लागला. झेंडे, होडी, मामाचं घमेलं, सगळं भराभरा सांगून टाकलं. मंगळू ऐकत राहिला. मग गाठोडं घेऊन खाली उतरला.

"शेठ, माझाही पासपोर्ट द्या."

"तुला कशाला रे?"

"माझीही खंडेनवमी हाय," मंगळू म्हणाला आणि हात पुढे करून जीपच्या दारात उभा राहिला.

मागून सावळीराम, नवसाबाई आणि माळा टाकून आलेली सगळी पोरं येऊन उभी राहिली. दिनेशने एकेकाकडे पाहिलं आणि बॅगेची चेन उघडली.