शशीचा उजवा हात आणि मी

नाक धरू नका, मित्रांनो! वास येतो हे मलाही ठाऊक आहे. मी एक जुना हातमोजा आहे. आइस हॉकीचा, उजव्या हाताचा. आठ वर्षं एकाच माणसाचा घाम प्यायलो, मग अत्तराचा वास कुठून येणार?

जन्म माझा कॅनडातला. वरून जाड कातडं, बोटांवर गुबगुबीत पट्ट्या, तळव्याला मात्र अगदी पातळ चामडं, कारण काठी हाताला जाणवली पाहिजे. १९८३ साली मी इंग्लंडमधल्या साउथहॅम्प्टनच्या एका दुकानातून शशिधरच्या हातात आलो. शशी तेव्हा अठरा वर्षांचा. त्याचे बाबा, पद्माकर, तिथल्या इस्पितळात हाडांचे डॉक्टर. मला विकत त्यांनीच घेतलं, पण एरंडेल प्यायल्यासारखं तोंड करून.

"घे. हौस आहे, दोन वर्षांत फिटेल," ते म्हणाले. "आणि काही मोडून घेतलंस, तर माझ्याकडे येऊ नकोस."

"अहो, असं काय अभद्र बोलता!" शशीची आई, सुप्रभाताई, म्हणाल्या.

बाबा बोलण्याच्या भरात बोलले हो. पण शशीने ते वाक्य मनात धरून ठेवलं.

हौस काही फिटली नाही. साउथहॅम्प्टन, मग स्लाऊ, मग ब्रॅकनेल, मग आणखी दोन गावं. शशी काही स्टार नव्हता. प्रत्येक टीममध्ये दोन-तीन कॅनेडियन असायचे. गोल तेच करायचे आणि पोस्टरवरही तेच झळकायचे. शशी तिसऱ्या फळीतला. मिनिटभर बर्फावर, पाच मिनिटं बाकावर. दिवसा वेअरहाऊसमध्ये खोकी उचलायची, संध्याकाळी प्रॅक्टिस. मोसम संपला की क्लब हात जोडायचा आणि शशी निघायचा पुढच्या गावाला. नव्या टीमचा रंग वेगळा, मग तो मला बूटपॉलिश चोपडायचा. मी मूळचा लाल. निळा झालो, नंतर काळा झालो. माझ्या खाचांत बोट घालून बघा, अजून तिन्ही रंग सापडतील!

कौतुक? झालं की! एकदा ब्रॅकनेलला शशीने शेवटच्या मिनिटाला गोल मारला, तेव्हा टीममधल्या केविनने "डॉक, यू ब्यूटी!" असं ओरडत चक्क माझाच मुका घेतला. बाप डॉक्टर म्हणून शशीचं नाव डॉक पडलं होतं. माझ्या आयुष्यातला तो पहिला आणि शेवटचा मुका.

मग १९९१चा फेब्रुवारी आला. शशी मैदानाच्या कडेच्या लाकडी कठड्यावर आदळला, सगळा भार माझ्यावर घेऊन. आत, अंगठ्याच्या मुळाशी, कट् असा आवाज झाला. बाहेर कुणाला ऐकू गेला नाही. मला गेला.

"ऑल राइट, डॉक?" कोचने विचारलं.

"फाइन."

मोसमाचे सहा आठवडे उरले होते. पुढच्या वर्षी कुणाला ठेवायचं, ते त्यातच ठरणार होतं. तिसऱ्या फळीतला माणूस एकदा बाकावर बसला की बसलाच! मॅच संपल्यावर दोन्ही टीम रांगेने हात मिळवतात, तेही उघड्या हातांनी. शशीने मला काढलंच नाही.

"काय रे, आमच्या हातांना घाण लागलीय का?" समोरच्या कॅप्टनने टोमणा मारला. शशी नुसता हसला. आत मनगट टम्म सुजलं होतं.

त्या रविवारी तो आईबाबांकडे जेवायला गेला. मला घर गरम ठेवणाऱ्या रेडिएटरवर वाळत टाकलं होतं, तिथून टेबल स्पष्ट दिसत होतं.

"हे काय रे, डाव्या हाताने?" आईने विचारलं.

"असंच. इझी पडतं."

बाबांचा घास थांबला. दिवसाला पन्नास हात तपासणारा माणूस तो! त्यांनी त्या मनगटाकडे नीट पाहिलं.

"दुखतंय का काही?"

"नाही, बाबा."

"बरं," ते म्हणाले आणि त्यांनी ताक मागितलं.

मित्रांनो, मला तोंड असतं तर मी तिथूनच बोंब ठोकली असती! बापाला वाटलं, मागेल तेव्हा बघू. लेकाला वाटलं, येऊ नकोस म्हणाले होते ना? दोघांच्या मध्ये फक्त एक वरणाचं भांडं होतं.

आम्ही सहा आठवडे खेळलो. क्लबने शशीला ठेवलंसुद्धा! पण उन्हाळ्यात एक्स-रे काढला, तेव्हा ते मोडलेलं हाड रक्त न पोचल्याने आतल्या आत मेलेलं निघालं. दोन ऑपरेशनं झाली. काठी काही पुन्हा घट्ट धरता आली नाही. सव्विसाव्या वर्षी त्याचं खेळणं संपलं.

पुढे तो उत्तरेकडच्या एका छोट्या गावात कोच झाला. मी त्याच्या खोलीत खिळ्याला टांगलेला, धूळ खात. मॅचआधी तो प्रत्येकाला हातमोजे काढायला लावायचा आणि अंगठ्याचं मूळ दाबून बघायचा.

"काय डॉक, माझ्या हातावर लग्नाची रेघ दिसते का?" टीम खिदळायची. तो हसत नसे.

१९९७च्या मार्चमध्ये, जिच्यावर सगळं अवलंबून होतं त्या मॅचआधी, त्याने आपल्या सर्वांत चांगल्या खेळाडूचं मनगट दाबलं आणि तो कळवळला. शशीने त्याला बाकावर बसवलं. मॅच गेली, क्लब खालच्या डिव्हिजनमध्ये गेला आणि शशीची नोकरीही गेली.

त्याचं सामान न्यायला बाबा पाच तास गाडी चालवत आले. आता ते रिटायर झाले होते. खोकी भरता भरता त्यांनी मला खिळ्यावरून काढलं आणि, काय वाटलं कोण जाणे, स्वतःचा हात आत घातला. माझा तळवा केव्हाच झिजून फाटला होता.

"त्या रविवारी मला दिसलं होतं, शशी," ते म्हणाले.

शशी खोक्याला टेप लावत होता. त्याने मान वर केली नाही.

"आय नो, बाबा. तुम्ही बघितलं, ते मी बघितलं होतं."

बाबांनी दुसऱ्या हाताने माझ्या अंगठ्याचं मूळ हळूच दाबून पाहिलं. केवढाले मार मी झेलले होते, पण तो दाब मला झेपेना.

"वेळेवर प्लास्टर घातलं असतं, तर बारा आठवड्यांत जुळलं असतं," ते गाडीत एकदाच म्हणाले.

आता मी त्यांच्या गॅरेजमध्ये पडून आहे. मला पुसा, उन्हात ठेवा, असं माझं मागणं नाही. माझं व्हायचं ते झालं. पण मित्रांनो, आपल्या माणसाचं काही दुखतंय असं दिसलं, तर नुसतं विचारून थांबू नका. विचारलं की माणसं 'नाही' म्हणतात. उठा, जवळ जा आणि तो हात आपल्या हातात घ्या. नको म्हणाला, तरी घ्या.