लायकीची मुलाखत

गावातल्या निम्म्या लोकांना गाडी चालवायचा परवाना ज्यांच्या सहीनं मिळाला आणि उरलेल्या निम्म्यांना ज्यांच्यामुळे उशिरा मिळाला, ते गृहस्थ रविवारी दुपारी बिशपच्या खोलीबाहेर खुर्चीत बसून होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी लोक त्यांना परीक्षकसाहेबच म्हणत. पाठीमागे काय म्हणत तेही त्यांना ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर त्याचा त्यांना थोडा अभिमानच होता.

आतला बिशप आठवडाभर लोकांचे केस कापायचा. मॉर्मन ह्या ख्रिस्ती पंथात पगारी धर्मगुरू नसतो. सुतार, दंतवैद्य, न्हावी, ज्याच्यावर येईल तो काही वर्षं ती खुर्ची सांभाळतो. ह्या न्हाव्याला साहेबांनी दोनदा नापास केलं होतं. दुसऱ्यांदा तर नुसतं आरशात बघितलं नाही म्हणून, आणि तेही न्हाव्याला!

"आज माझी पाळी दिसतेय," आत येऊन खुर्चीत टेकता टेकता साहेब म्हणाले.

"मी कसला नापास करतोय, साहेब! प्रश्न छापील, उत्तरं तुमची. मी आपला वाचून दाखवणारा."

साहेबांना हवं होतं पंथाच्या मोठ्या मंदिरात जायचं कार्ड. बायको जाऊन दुसरं वर्ष चाललं होतं. दोघं ह्या पंथात आले तेच उतारवयात. मंदिरात जाऊन एकमेकांशी कायमचं, म्हणजे मेल्यानंतरही टिकेल असं, बांधून घ्यायचं ठरलं आणि तेवढ्यात ती गेली. अजूनही ते होण्यासारखं होतं. विधीत गेलेल्या बाईच्या जागी दुसरी कुणी उभी राहते. पण साहेबांना आत जायला कार्ड लागणार, आणि कार्डासाठी ही मुलाखत. ते मिळालं नाही, तर सध्याच्या दोन खोल्यांसारखा सगळा अनंतकाळही एकट्यानंच काढायचा.

"चहा, कॉफी, दारू, तंबाखू?"

"चहा सोडताना जीव गेला. पण सुटला."

"वागण्यात प्रामाणिक आहात?"

"किती प्रामाणिक, ते तुम्हाला मी सांगायचं?"

न्हावी खुदकन हसला. बाकीचे प्रश्नही असेच सुटले. मग त्यानं शेवटचा वाचला.

"देवाच्या घरात पाऊल टाकायला तुम्ही स्वतःला लायक समजता का?"



"हे मला कशाला विचारता?"

"प्रश्नच तसा आहे."

"अहो, जन्मभर परीक्षा घेतल्या मी. एकाला तरी विचारलं का, बाबा, तुझ्या मते तू कशी चालवलीस? कुंपण पाडून आलेलाही झकास म्हणाला असता. खुर्चीत तुम्ही बसलाय, तुम्ही ठरवा."

"माझं विचाराल तर मी पेन उघडून बसलोय. पण एवढं उत्तर मला देता येत नाही."

शेजारच्या खोलीत मुलं गाणं बसवत होती. एकाच ओळीवर अडकत होती. 

"तिला गाडी शिकायची होती," साहेब म्हणाले. "सुटीच्या दिवशी मोकळ्या मैदानात शिकवायचो. विचारायची, अहो, देऊ का आता परीक्षा? मी म्हणायचो, अजून नाही. चुका फारशा नव्हत्या हो. पण परीक्षकाची बायको! नापास झाली तर हसं, पास झाली तर वशिला. शेवटी तिनं विचारणंच सोडलं. जन्मभर बसनं हिंडली. आता तिला माझ्याशी कायमची बांधायची, आणि त्याला मी लायक आहे, हेही मीच सांगायचं? नाही. लिहा, नाही."

त्या खोलीत दारूपासून परस्त्रीपर्यंत सगळं ऐकलेल्या न्हाव्यानं पेन खाली ठेवलं.

"हे कशात घालू, साहेब? असलं पाप आमच्या प्रश्नांत नाही."

"नसू दे."

"आणि दुसरं म्हणजे, विधी झाला म्हणून काकू बांधल्या गेल्या, असं नाही. तिकडे त्यांना पसंत पडलं तर. नाही म्हणायची मुभा आहे त्यांना. आपण इथून वाट तेवढी मोकळी करून देतो."

"म्हणजे ती मला नको म्हणू शकते?"

"म्हणू शकतात."

"आणि मला कळणार कधी?"

"गेल्यावर."

साहेब हसले. इतके हसले, की चष्मा काढून पुसावा लागला. नकार देऊ शकते म्हटल्यावर ती बाई त्यांना गेल्यापासून पहिल्यांदा कुठेतरी असल्यासारखी वाटली.

"म्हणजे मी इथंच नाही म्हणालो, तर पुन्हा तिचं मीच ठरवलं."

"मी तसं म्हणालो नाही हं."

"मी म्हणतोय. हो लिहा."

"लिहा नको, साहेब. तुम्ही स्वतःला लायक समजता का?"

"हो," साहेब म्हणाले. खात्री नसताना दिलेलं हे त्यांचं आयुष्यातलं पहिलंच उत्तर असावं.

सह्या झाल्या. "पुढच्या आठवड्यात आमच्या वरच्या अध्यक्षांकडे जायचं. तेच प्रश्न."

"शेवटचासुद्धा?"

"शेवटचासुद्धा."

बाहेर एकेका घरची माणसं घोळक्यानं उभी होती. साहेबांशी सगळ्यांनी हात मिळवले आणि सगळे पुन्हा आपापल्या घोळक्याकडे वळले.

घरी आल्यावर त्यांनी स्वयंपाकघरात उभं राहून 'हो' म्हणून पाहिलं. आवाज बारीक आला. पुन्हा म्हणाले, जरा मोठ्यानं. तिसऱ्यांदा म्हणायच्या आधी मात्र ते थोडे थांबले; कुणाला मधे काही बोलायचं असेल, तर बोलता यावं म्हणून.